दारावाली

देवमन बारापात्रेनं बापाचा हातमाग विकला
आणि व्हीसीआर आणला, गोळीबार चौकात,
शहाऐंशीच्या उन्हाळ्यात.
मागाच्या खड्ड्यावर अर्धी फळी टाकून काउंटर केलं,
उरलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा.
सवय.
कॅसेट मागे गुंडाळायला लावली की
आतून धोट्यासारखाच आवाज यायचा
आणि त्याचा उजवा पाय आपोआप हलायचा.

शंभरेक कॅसेटी. त्यात एक बिननावाची.
टीव्हीवर रात्री उशिरा लागलेला सिनेमा,
भुताचा की खुनाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.
देवमननं स्वतः उतरवलेला.
बटण दाबायला उशीर झाला, म्हणून नाव गेलं.
अकरा वाजून चार मिनिटांनी लाईन गेली,
म्हणून शेवट.

डोंगरावरचा बंगला. पुठ्ठ्याचा असावा,
वारं नसताना भिंत हलायची.
धुकं म्हणून धूर सोडलेला,
त्यात एक नट खरंच खोकलेला.
पाच माणसं, एक मेलेली बाई,
आणि जिन्याखाली पांढरं दार.
दार किलकिलं होतं.
हात दिसतो, मनगटापर्यंत.
मग मुंग्या.

आम्ही तिला दारावाली म्हणायचो.
"भाऊ, दारावाली हाय का?"
रात्रीचे दोन रुपये. परत करताना
दोरीला बांधलेल्या पेनानं वहीत लिहायचं:
हात कोणाचा?

डाक्टरचा. त्याच्या चपला पाहा, चिखल हाय.
थोरल्या वहिनीचा. रडताना डोळे कोरडे.
मेलेल्या बाईचाच. मी झोपलो नाही दोन दिवस.
कोण मेलं तेच नाही समजलं, पैसे वापस करा.
कुंदा धकातेनं फक्त एवढंच:
बांगडी ओळखीची वाटते.
तिच्या पुढच्या तीन ओळी
कोणीतरी खोडून काढलेल्या, अगदी कागद फाटेपर्यंत.

आणि आम्ही, विद्युत मंडळवाल्यांची पोरं.
बाबांची उपकेंद्रावर पाळी असायची.
गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसायच्या,
धूर आमचा, उजेड दुसऱ्यांचा,
आणि गल्लीत मी दिसले की
"ए, तुह्या बापानं खुनी पळवला बे!"
बाबा ऐकायचे. सायकल भिंतीला टेकवायचे,
क्लिपा काढायचे पँटच्या,
कूलरमध्ये पाणी टाकायचे.
त्यांनी तो सिनेमा पाहिला की नाही
मी कधी विचारलं नाही.
घरात व्हीसीआर नव्हता, हे कारण पुरेसं होतं.

मागच्या वर्षी सापडला. अख्खा.
नावासकट, धुऊनपुसून,
धूर आता धूरच दिसतो
आणि भिंतीच्या मागे खुर्ची ठेवलेली कळते.
मी पाहिला, मोबाईलवर, मेडिकलच्या व्हरांड्यात,
बाबांच्या रिपोर्टची वाट पाहताना.
पुढची नऊ मिनिटं.
दार उघडतं.
सांगत नाही. सांगण्यासारखं नाही.
वहीत कोणीच त्याचं नाव लिहिलं नव्हतं,
आणि बरंच केलं.

वही देवमनच्या पोरानं दिली.
दुकानात तो आता मोबाईलच्या काचा बदलतो,
खड्डा बुजवलाय, टाईल्स आहेत.
घरी येऊन पानं उलटत बसले.
मध्येच कुठेतरी, तारखेशिवाय,
लॉगबुकात लिहितात तसं सरळ, दाबून लिहिलेलं
बाबांचं अक्षर:

२३.०४. फीडर क्र. ३ बंद.
आदेश फोनवर.
हात माझा.

आणि खाली देवमनची पेन्सिल:
दोन रुपये वापस देत होतो.
घेतले नाहीत.